फुलपाखरांचे प्रश्न : खालची बाजूही दाखवा, मग नाव सांगतो

या खेपेला पत्रं आणि मोबाईलवरचे फोटो मिळून एवढं साचलं की दोन रात्री बसून वाचलं तरी सगळं आटोपलं नाही. साहजिकच आहे म्हणा, पाऊस जरा उघडला, धुऱ्यावर तरोटा कमरेएवढा झाला, पांदणीत रायमुनिया फुलली, म्हणजे आता दिवाळीपर्यंत आपल्याकडे फुलपाखरांचीच गर्दी. उत्तरं द्यायच्या आधी सगळ्यांना एकच गोष्ट सांगतो कारण ती जवळपास प्रत्येक फोटोला लागू आहे. तुम्ही पंख पसरलेल्या फुलपाखराचा वरून एक झकास फोटो काढता, खूश होता आणि निघता. पण एकसारख्या दिसणाऱ्या दोन फुलपाखरांतला फरक खूपदा मिटलेल्या पंखांवर, म्हणजे खालच्या बाजूला असतो, आणि तो फोटो कोणी पाठवतच नाही. मग मी इकडे अंदाज बांधत बसतो. अंदाजानं नाव सांगणं मला पटत नाही.

प्रश्न : आमच्या धुऱ्यावर रुई लै आहे, तिथं नारिंगी फुलपाखरं असतात, पंखाच्या टोकाला काळं आणि त्यात पांढरा पट्टा. ते प्लेन टायगर हे मला माहीत आहे. पण तसंच एक घरामागं घोळीच्या भाजीवर अंडी घालताना दिसलं. फोटो पाठवतो. टायगर घोळीवर पण अंडी घालते काय? — एक शेतकरी, आर्वी तालुका

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, एवढा आनंद झाला, कारण तुम्ही फुलपाखरासोबत झाड पण पाहिलं. प्लेन टायगर घोळीवर अंडी घालत नाही. तिच्या अळीचं खाणं म्हणजे रुई आणि रुईच्याच कुळातल्या चिकाच्या वनस्पती. घोळीवर बसलेली ती टायगर नव्हतीच, ती डॅनेड एगफ्लायची मादी, आणि तिच्या अळ्यांना घोळ लागते.

आता ही मादी टायगरसारखी का दिसते ते सांगतो, कारण ते कळलं की फरक आपोआप लक्षात राहतो. टायगरची अळी रुई खाते, रुईच्या चिकातलं विष तिच्या अंगात साठतं आणि फुलपाखरू झाल्यावरही राहतं, म्हणून एखाद्या पक्ष्यानं एकदा तोंडात घेतलं की पुन्हा तो त्या नारिंगी रंगाच्या वाट्याला जात नाही. म्हणूनच टायगर आरामात, हळूहळू उडते, तिला घाई नसते. एगफ्लायच्या अंगात असं विष नाही, पण तिच्या मादीनं तोच रंग, तीच किनार, तोच पांढरा पट्टा घेतलाय आणि पक्षी फसतात. हेन्री बेट्स नावाच्या इंग्रज अभ्यासकानं ॲमेझॉनच्या जंगलातली फुलपाखरं पाहून १८६२ साली ही नक्कल पहिल्यांदा मांडली, त्याच्याच नावानं तिला बेट्सियन मिमिक्री म्हणतात. ॲमेझॉनला जायची गरज नाही, तुमच्या मागच्या अंगणात तेच चाललंय.

ओळखायचं कसं, तर मागचा पंख पाहायचा. टायगरच्या मागच्या पंखाच्या मधोमध काळे ठिपके असतात, मादीला तीन आणि नराला चार. नराचा तो चौथा ठिपका म्हणजे गंधाची पिशवी, खालून पाह्यली तर त्या ठिपक्यात पांढरं दिसतं. एगफ्लायच्या मादीला मधोमध हे ठिपके नसतातच, फक्त मागच्या पंखाच्या वरच्या कडेला एकच काळा ठिपका असतो. तुमचा फोटो थोडा हलला आहे पण मोठा करून पाह्यला तर मधला भाग एकदम कोरा आहे, म्हणून मी खात्रीनं सांगतो. आणि एक, घोळीच्या आसपास अजून दोन-चार दिवस लक्ष ठेवा. मखमली काळं फुलपाखरू दिसलं, पंखांवर मोठे गोल पांढरे ठिपके आणि त्यांच्या कडेला निळसर-जांभळी झाक, तर तो हिचाच नर. नवराबायकोचा रंग एवढा वेगळा की पहिल्यांदा पाहणारा माणूस दोघांना एकाच जातीचे मानायलाच तयार होत नाही, मीही नव्हतो. तो नर आपली जागा सोडत नाही, एकाच दगडावर नाहीतर फांदीवर परत परत येऊन बसतो, म्हणून फोटोला सोपा. पहिल्यांदा उडाला तर मागं धावू नका, तिथंच बसून राहा.

आणि कृपा करून घरामागची थोडी घोळ निंदताना सोडा. सगळी नको, एक कोपरा.

प्रश्न : सर, नर्सरीत संत्र्याच्या कलमांवर अळ्या पडल्या आहेत, लहान असताना पक्ष्याच्या शिटेसारख्या आणि मग हिरव्या होतात, हात लावला तर डोक्यामागून लाल-नारिंगी शिंग काढतात आणि वास येतो. बागेत एक काळं शेपटीवालं फुलपाखरू पण फिरते, मागच्या पंखाला लाल-पांढरं. माझी मुलगी म्हणते ते कॉमन रोझ आहे आणि अळ्या त्याच्याच. बरोबर काय? — वरूडकडचा एक बागायतदार

उत्तर : अळ्यांबद्दल तुमचं निरीक्षण पक्कं आहे पण त्या रोझच्या नाहीत. रोझची अळी संत्र्यावर येतच नाही, तिला सापसंद किंवा काळ्या जमिनीत धुऱ्यावर पसरणारी किडामारी लागते. संत्रा-लिंबावर आपल्याकडे दोघांच्या अळ्या नेहमी सापडतात, लाईम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन. दोघांच्याही लहान अळ्या शिटेसारख्या, मोठ्या झाल्या की हिरव्या, दोघीही तसंच शिंग काढतात, त्यामुळं अळीवरून भांडण करू नका. एक-दोन अळ्या पानांसकट काचेच्या बरणीत ठेवा, तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधा, रोज ताजी पानं द्या, कोष केला की या दिवसांत आठवडा-दीड आठवड्यात फुलपाखरू बाहेर येईल आणि तेच सांगेल. मुलीला हे करू द्या. पिवळसर ठिपक्यांचं आणि बिनशेपटीचं निघालं तर लाईम, काळं आणि शेपटीवालं निघालं तर मॉरमॉन.

आता बागेत फिरणारं काळं. इथं मुलीची चूक नाही, याच्यात भले भले फसलेत. मॉरमॉनच्या माद्या तीन रूपांच्या असतात. एक रूप नरासारखंच, काळं आणि मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा. दुसरं रूप कॉमन रोझची नक्कल. तिसरं क्रिमझन रोझची नक्कल, त्याच्या पुढच्या पंखावर दोन पांढरे पट्टे. ही तीन रूपं एकाच जातीच्या माद्यांची आहेत हे निसर्ग अभ्यासक आल्फ्रेड वॉलेसनं १८६५ साली लिहिलं, आणि त्याच्यामागं डबलसेक्स नावाचं एकच जनुक आहे हे फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं. म्हणजे वरूडच्या संत्राबागेत तुम्हाला जे दिसतं त्याच्यावर जगभर दीडशे वर्षं डोकं लढवलं गेलंय.

फरक पाहायचा अंगावर, पंखावर नाही. रोझचं डोकं आणि पोट लालभडक असतं. मॉरमॉनचं अंग काळं. बस एवढंच. मुलीच्या फोटोत फुलपाखरू वरून आहे, पंखांनी पोट झाकलंय, म्हणून सांगता येत नाही. ते फुलावर रस प्यायला बसलं की बाजूनं, पोटाच्या उंचीवर मोबाईल आणून काढायला सांगा. हे पंख सतत फडफडवतच रस पितात त्यामुळं एक फोटो नको, बटण दाबून धरून वीस-पंचवीस काढा, त्यातला एक जमतोच.

अळ्यांचं म्हणाल तर नर्सरीतल्या कोवळ्या कलमांना त्रास होतो हे खरं, पण त्या मोठ्या आणि डोळ्याला दिसणाऱ्या आहेत, हातानं वेचून बागेतल्या एखाद्या मोठ्या झाडावर नेऊन सोडा. मोठ्या झाडाला चार पानं गेल्यानं काही होत नाही.

प्रश्न : माझ्याकडे साधा मोबाईल आहे. जवळ गेलो की उडून जाते, लांबून काढला तर धुरकट. कॅमेरा घेणं शक्य नाही. काय करू? — बारावीचा विद्यार्थी, दारव्हा

उत्तर : बेटा, कॅमेऱ्याची काळजी सोड, मी सुरुवातीची चार वर्षं असाच एक जुना मोबाईल वापरला आहे. वेळ बदल आधी. दुपारी बारा वाजता ऊन कडक असलं की फुलपाखरांचं अंग तापलेलं असतं, ते एका जागी थांबतच नाही. सकाळी साडेसात-आठला जा. रात्रीच्या थंडीनं त्यांचं अंग गार झालेलं असतं, उडायला लागणारी ऊब यायला ते पंख पसरून उन्हाकडं पाठ करून बसतात आणि त्यावेळी तुला हातभर अंतरापर्यंत येऊ देतात. पावसानंतर ऊन पडलं की पण असंच.

जाताना उभा चालत जाऊ नको. खाली वाक, बसून सरक, आणि सावली त्याच्यावर पडू देऊ नको, सावली पडली की गेलंच समज. हात आधीच पुढं धरून जा म्हणजे शेवटी हलवावा लागणार नाही. लांबूनच पहिला फोटो काढ, मग दोन पावलं, पुन्हा एक, असं करत जा, मधेच उडालं तरी काहीतरी हाती राहतं.

मोबाईलमधला झूम दोनपटीपर्यंतच वापर, त्याच्यापुढं फक्त चित्र फाटतं. फुलपाखरावर बोट टेकवून धरून ठेव, फोकस तिथं अडकतो, मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढ, नाहीतर पांढरी-पिवळी फुलपाखरं जळल्यासारखी दिसतात. फार जवळ गेलास तर मोबाईल फोकस करतच नाही, त्यावेळी थोडा मागं सरून काढ आणि नंतर काप. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोबाईल पंखाच्या समांतर धर. पंख मिटलेले असतील तर बाजूनं, पसरलेले असतील तर वरून, तिरका धरलास की अर्धा पंख साफ आणि अर्धा धुरकट येतो, आणि नेमका ओळखायचा ठिपका त्या धुरकट अर्ध्यात असतो.

गवतात बसताना पायात बूट आणि हातात काठी पाहिजे, या दिवसांत धुऱ्यावर सापाचा भरवसा नाही. आणि फवारणी झालेल्या वावरात जाऊ नको, २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर गेले, ते आपल्या घराघराला माहीत आहे.

प्रश्न : आमच्या शाळेच्या मैदानात चिमुकली निळी फुलपाखरं असतात, नखाएवढी. मुलं विचारतात ती एकच जात आहे की वेगळ्या? मी पुस्तक पाहिलं तर सगळी सारखीच वाटतात. मुलांना काय सांगू? — एक शिक्षिका, भंडारा जिल्हा

उत्तर : ताई, मुलांना सांगा की जाती वेगळ्या आहेत आणि त्या शोधायचं काम आता त्यांचंच. तुमच्या मैदानात ग्रास ब्लू नावाची चार फुलपाखरं असू शकतात, पेल, डार्क, लेसर आणि टायनी. वरून चारही निळसर, त्यामुळं वरून पाहणं जवळपास व्यर्थ. पंख मिटून बसू द्या आणि राखाडी खालची बाजू पाहा, तिथं बारीक ठिपके असतात. हे पोरांना मोठं करून दाखवायला मोबाईलवरचा स्पष्ट फोटोच लागतो, डोळ्यानं दिसत नाही.

पुढच्या पंखाच्या मुळाशी शिरांनी वेढलेला एक बंद कप्पा असतो, त्याला सेल म्हणतात. त्या कप्प्याच्या मधे ठिपका आहे की नाही हे आधी पाहायचं. ठिपका असेल तर पेल किंवा डार्क. नसेल तर लेसर किंवा टायनी. मग पुढच्या पंखाची वरची कड पाहायची, तिच्यालगत दोन बारीक ठिपके दिसले की टायनी, नसले की लेसर. लेसरची अजून एक खूण अशी की मागच्या पंखावरच्या ठिपक्यांच्या रांगेत वरून दुसरा ठिपका रांग सोडून आतल्या बाजूला सरकलेला असतो. पेल आणि डार्क वेगळे करायला मात्र वरची बाजू कामाला येते, पेलचा नर फिकट रुपेरी निळा, डार्कचा गडद, आणि डार्कच्या खालच्या बाजूचे ठिपकेही जास्त काळे आणि ठळक.

हे वाचायला किचकट वाटतं, मलाही वाटायचं, पण मुलं दोन दिवसांत शिकतात कारण त्यांची नजर बारीक. फळ्यावर मोठा पंख काढा, सेल दाखवा, ठिपके खडूनं टाका. आणि गवतात काय काय उगवलंय ते पण दाखवा. आंबुशी आहे का? तर पेल नक्की असेल, तिची अळी आंबुशीवर वाढते. काटेमाठ, चवळाई आहे का? तर डार्क. झाड पाहिलं की अर्धं काम झालं.

शेजारच्या वावरात तूर असेल तर मुलांना तिकडंही न्या, तिथं याच घराण्यातलं पी ब्लू मिळेल, तुरीच्या फुलांत आणि शेंगांत अळी असते त्याची. खालच्या बाजूला तपकिरी नागमोडी रेघा आणि कडेजवळ एक रुंद पांढरा पट्टा, शेवटी बारीक शेपटी आणि तिच्याजवळ दोन काळे ठिपके. ही शेपटी डोक्यावरच्या मिशीसारखी दिसते आणि बसल्या बसल्या ते मागचे पंख घासतं, तेव्हा शेपट्या हलतात आणि पक्ष्याला वाटतं डोकं तिकडं आहे. पक्षी शेपटीकडं चोच मारतो, पंखाचा तुकडा जातो, जीव वाचतो. मागचा पंख फाटलेली पी ब्लू दिसली तर मुलांना हीच गोष्ट सांगा, ती खरी आहे.

आणि मोबाईलवर आयनॅचरलिस्ट हे ॲप घ्या, जागा आणि तारखेसकट फोटो टाकला की जाणकार नाव तपासून देतात. सप्टेंबरात देशभर बिग बटरफ्लाय मंथ चालतो, तुमच्या शाळेची नोंद त्यात गेली तर मला फार बरं वाटेल, कारण गावातल्या मैदानांच्या नोंदी फार कमी असतात, सगळे ताडोबा-मेळघाटातून फोटो काढतात.

प्रश्न : पिवळी फुलपाखरं पांदणीतल्या चिखलावर थव्यानं बसतात. काही लहान काही मोठी. एकाच जातीची पिल्लं आणि मोठी का? — वाचक, रिसोड

उत्तर : नाही, फुलपाखरू कोषातून बाहेर आल्यावर वाढतच नाही, जेवढं निघालं तेवढंच राहतं. लहान ती ग्रास यलो, मोठी ती एमिग्रंट. चिखलावर बहुतेक नर असतात, ते त्यातलं मीठ आणि क्षार चोखून घेतात, कोठ्याबाहेर बैलाच्या मुताजवळ पण म्हणूनच बसतात.

मोठ्यांत मॉटल्ड एमिग्रंटच्या खालच्या बाजूला बारीक तपकिरी रेघारेघांचा शिंतोडा असतो, कॉमन एमिग्रंटची खालची बाजू तशी रेघाळ नसते. लहानांत कॉमन ग्रास यलोच्या पुढच्या पंखाच्या त्या सेलमध्ये दोन खुणा असतात आणि थ्री-स्पॉटच्या सेलमध्ये तीन. ग्रास यलो बसल्यावर पंख उघडतच नाही, म्हणून वरच्या काळ्या किनारीचा आकार पाहायचा तर त्याच्या पलीकडं सूर्य येईल असे बसा, उन्हानं पंख कंदिलासारखा उजळतो आणि किनार आरपार दिसते. कॉमनची किनार पुढच्या पंखावर आतल्या बाजूनं खाचलेली दिसते. तरोटा कॉमन ग्रास यलो आणि मॉटल्ड एमिग्रंट दोघांच्याही अळ्यांना चालतो, म्हणूनच आपल्याकडं ही फुलपाखरं एवढी.

प्रश्न : जुलैत एक तपकिरी फुलपाखरू काढलं, पंखाखाली गोल डोळे होते. जानेवारीत त्याच जागी वाळक्या पानासारखं, एक पण डोळा नाही. दोन जाती धरू का? — धानपट्ट्यातला एक तरुण, गोंदिया जिल्हा

उत्तर : दादा, दोन्ही फोटो मी शेजारी ठेवून पाहिले, दोन्ही कॉमन इव्हनिंग ब्राऊन. पावसाळ्यातलं रूप वेगळं, कोरड्या दिवसांतलं वेगळं. पावसाळ्यात सगळं हिरवं असतं, तेव्हा डोळे दाखवून पक्ष्याची चोच पंखाच्या कडेवर ओढून घ्यायची. हिवाळ्या-उन्हाळ्यात खाली पालापाचोळा पडलेला असतो, तेव्हा पानच होऊन जायचं. अळी वाढत असतानाचं हवामान कोणतं रूप घ्यायचं ते ठरवतं. तिच्या अळीला धान आणि गवत लागतं, त्यामुळं तुमच्या भागात ती भरपूर. दिवसा पाचोळ्यात पडून असते, संध्याकाळी दिवेलागणीला उडते.

पीकॉक पॅन्सीचंही असंच, वरून नारिंगी आणि मोठे डोळे बाराही महिने, पण खालून कोरड्या दिवसांत सपाट पान आणि पंखाची टोकं जास्त कोनदार. म्हणून फोटोवर तारीख लिहिल्याशिवाय मला पाठवू नका, सगळ्यांना सांगतो.

प्रश्न : काही जण फुलपाखरू पकडून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवतात म्हणे, मग ते हलत नाही आणि फोटो छान येतो. करून पाहावं का? — वाचक, अकोला जिल्हा

उत्तर : नाही. अजिबात नाही. गारठलेला जीव असतो तो, शांत बसलेला नाही, आणि फोटोत पण ते कळतं, पाय आखडलेले, मिशा चुकीच्या दिशेला. पकडताना बोटाला जी पूड लागते ते पंखाचे खवले असतात, एकदा गेले की परत येत नाहीत. बरीच फुलपाखरं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत ते वेगळंच. मला आलेल्या फोटोंत असा एक जरी ओळखू आला तरी मी तो छापायला देत नाही, मग तो कितीही सुंदर असो. तुम्ही विचारलंत हे चांगलं केलंत, न विचारता करणारे जास्त आहेत.

प्रश्न : सेकंडहँड डीएसएलआर घेतला, सोबत ५५-२५० लेन्स आहे. अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणारी मॅक्रो लेन्स घ्यावी लागेल का? सेटिंग सांगा. — वाचक, हिंगणघाट

उत्तर : आत्ता नको घेऊ. ५५-२५० वर टायगर, मॉरमॉन, पॅन्सी सगळे येतात, पूर्ण लांब करून मीटरभर अंतरावरून काढायचे. ग्रास ब्लूएवढ्या चिमुकल्यांना कमी पडेल, तेव्हा लेन्स आणि बॉडीच्या मधे लावायची एक्स्टेन्शन ट्यूब घे, मॅक्रोपेक्षा फार स्वस्त पडते. सेटिंग म्हणशील तर शटर १/५०० सेकंदाहून वेगवान, ॲपर्चर ८ च्या आसपास म्हणजे दोन्ही पंख साफ येतील, आयएसओ ऑटो. फोकसचा एकच बिंदू ठेव आणि तो डोळ्यावर. डोळा धुरकट असलेला फोटो ओळखायला चालतो, पण भिंतीवर लावता येत नाही.

प्रश्न : तेंदूपत्ता तोडायला गेलो तेव्हा एक विटकरी लाल फुलपाखरू दिसलं, काळ्या रेघा आणि ठिपके, जमिनीलगत उडायचं. काही म्हणतात टॉनी कोस्टर. फोटो नाही. — एक मजूर, चिमूर तालुका

उत्तर : भाऊ, फोटो नसला तरी तुम्ही तेंदूच्या जंगलात होता हे सांगितलंत, ते मोठं आहे. टॉनी कोस्टर हळू उडते, तिचे पंख लांबट, तिच्या अळ्यांना कृष्णकमळाच्या कुळातले वेल लागतात. तुम्ही पाहिलेलं जमिनीलगत झपकन उडून पुन्हा वाळल्या पानांवर पंख पसरून बसणारं असेल तर बॅरोनेट असण्याची शक्यता जास्त वाटते, कारण तिच्या अळ्या तेंदूच्याच पानावर वाढतात. जे पान तुम्ही पुडक्यात बांधता तेच तिचं खाणं. ती फुलांवर कमी येते आणि मोहाच्या सडलेल्या फुलांवर, पडलेल्या फळांवर जास्त बसते, म्हणून पुढच्या हंगामात मोहाखाली सकाळी लक्ष ठेवा. कोणाचा तरी मोबाईल मागून घ्या आणि दोन फोटो काढा, एक पंख पसरलेले असताना आणि एक मिटलेले असताना. बॅरोनेटची खालची बाजूही लालसर असते, त्यावर पांढऱ्या डागांचा पट्टा असतो. फोटो पाठवला की मी लगेच कळवतो.